ऑलिम्पसचे बडेबाबू

झाशीच्या मराठी घरांत टीव्हीसमोरची खुर्ची ज्यांच्या नावावर असते, ते गृहस्थ बहुधा रेल्वेतून निवृत्त झालेले असतात. त्यांना बडेबाबू म्हणावे. 1987 चे 'रामायण' त्यांनी हात जोडून पाहिले. हल्ली नातवाच्या हट्टापायी ते ग्रीक देव पाहतात, तेही खात्याची चौकशी लावल्यासारखे. मत देण्याचा हक्क वडिलोपार्जित आहे, असे त्यांचे म्हणणे. झाशीचे राजे गंगाधरराव नाटकवेडे होते आणि स्त्रीपार्टही करीत, हा त्यांचा पुरावा.

डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या 'पर्सी जॅक्सन' या मालिकेत मद्याचा देव डायोनिसस पोरांच्या छावणीवर नेमलेला आहे. बाप झ्यूस याने त्याची दारू तोडली आहे. तो शीतपेयावर दिवस काढतो आणि पर्सीचे नाव हटकून चुकवतो. नातू खो खो हसतो. बडेबाबू गंभीर होतात. "अरे, पनिशमेंट पोस्टिंग आहे ही. हेडऑफिसशी वाकडं घेतलं असणार." निदान अचूक असते, झ्यूसने त्याला शिक्षा म्हणूनच तिथे धाडलेले आहे. युद्धदेव एरीस खाणावळीत बसून मोबाइलवर लोकांशी भांडताना दिसला, की मात्र त्यांना कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेहुणे आठवतात.

ऑगस्ट 2024 च्या 'केऑस' या मालिकेत जेफ गोल्डब्लमचा झ्यूस ट्रॅकसूट घालून वावरतो. कपाळावर एक सुरकुती दिसते आणि राज्य बुडाले, या धास्तीने तो घरादाराला वेठीला धरतो. भाऊ पोसायडन नौकेवर मजेत. असे साहेब बडेबाबूंनी पुष्कळ पाहिलेले असतात.

देवांची थट्टा त्यांना मुळीच खुपत नाही. दशावतारातला संकासुर, गवळणीतली मावशी, 'जय मल्हार'मध्ये म्हाळसा आणि बानू यांच्या कात्रीत सापडलेला खंडोबा, सगळ्यांना त्यांनी मनमुराद दाद दिलेली असते. सब टीव्हीवर 2014 मध्ये आलेली 'यम हैं हम' तर त्यांची लाडकी. आपली बदनामी पुसायला यमराज पृथ्वीवर उतरतो, बरोबर चित्रगुप्त. यमाचे काय, तो बदलीवर आलेला साहेब. कारभार खरा चित्रगुप्तच चालवतो, असे त्यांचे ठाम मत.

ग्रीक देवांच्या ऑलिम्पसवर त्यांचा आक्षेप नेमका इथेच आहे. वीज पाडणारे पुष्कळ, नोंद ठेवणारा कोणी नाही. मेलेल्यांचा निवाडा करायला ग्रीकांकडे मिनॉससह तिघे होते, असे नातू शोधून दाखवतो.

"ते जज्ज झाले. क्लार्क कुठाय?"

'केऑस' आठ भागांनंतर, ऑक्टोबर 2024 मध्ये, नेटफ्लिक्सने बंद केली. बडेबाबूंच्या मते, रजिस्टरच नसलेले ऑफिस तेवढे चालले हेच खूप झाले.