पासवर्ड घेऊन गेलेल्या ठेकेदार साहेबांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या कॉलेजात डिरेक्टरी सर्व्हर बसवून, बिल उचलून गेलेले ठेकेदार साहेब,



तुमचा फोन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुमचं नाव यात घालत नाही. अमरावती आणि अकोल्यात असंच काम करून गेलेले बरेच आहेत, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला हे पत्र आपल्याच नावाचं वाटलं तर बरंच होईल.

काम काय होतं ते आधी वाचकांसाठी सांगतो. विद्यार्थी, प्राध्यापक, लिपिक, ग्रंथपाल अशा सगळ्यांची एकच यादी एका सर्व्हरवर ठेवायची. लॅबमधला संगणक असो की वायफाय, 'हा माणूस आपला आहे का आणि याला काय उघडून द्यायचं' हे प्रत्येकाने त्या यादीलाच विचारायचं. यासाठीची एलडॅप ही पद्धत १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पुढे आली, आणि ती वापरणारं ओपनएलडॅप हे सॉफ्टवेअर १९९८ पासून फुकट मिळतं. म्हणजे आमच्या संस्थेने तुम्हाला सॉफ्टवेअरचे पैसे दिलेच नव्हते. पैसे दिले ते अकलेचे आणि जबाबदारीचे. त्यातलं काय पोचलं, तेवढं आता मांडतो.

प्रवेशाच्या ऐन गर्दीत नवीन मुलांची खाती उघडेनाशी झाली. जुनी मुलं लॉगिन करत होती, नवीन नाव काही केल्या यादीत चढेना. दर्यापूरचा एक मुलगा रोज येऊन विचारायचा, "सर, माहं लॉगिन काहून नाही होऊन राहिलं?" उत्तर लॉगमध्येच होतं, पण लॉग तुम्ही बंद करून ठेवला होता. तो चालू केल्यावर दिसलं की डेटाबेस भरला आहे. ओपनएलडॅपच्या एमडीबी डेटाबेसला कमाल आकार ठरवून द्यावा लागतो. दिला नाही तर तो १० एमबी धरतो. हार्डडिस्कवर शेकडो जीबी रिकामे पडले होते आणि आमची सगळी यादी १० एमबीत कोंबलेली. एका ओळीत एक आकडा लिहायचा होता, साहेब. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतलं ते पान तुम्ही वाचलंच नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. खरा राग यापुढच्या गोष्टीचा आहे. कोणी काय वाचावं आणि कोणी काय बदलावं याचे नियम लिहिणं हे डिरेक्टरी चालवणाऱ्याचं पहिलं काम. ओपनएलडॅपमध्ये एकही नियम लिहिला नाही, तर सगळ्यांना सगळं वाचायला मोकळं असतं, ओळख न सांगता आलेल्यालासुद्धा. तुम्ही एकही नियम लिहिला नव्हता. कॉलेजच्या वायफायवर बसलेल्या कोणालाही एका आज्ञेत आमच्या प्रत्येक मुलीचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता आणि पासवर्डचा हॅश वाचता येत होता. चालू असलेल्या सर्व्हरला मी स्वतः ओळख न देता विचारून पाहिलं आणि पडद्यावर भराभर नावं उतरली. वरूडची, अंजनगावची, मूर्तिजापूरची, धारणीची. मेळघाटातून शिकायला आलेल्या मुलीचा बाप आपला नंबर प्रवेशअर्जावर लिहितो, तो कॉलेजवर भरवसा ठेवून. तुम्ही तो भरवसा चव्हाट्यावर मांडलात आणि वर कामपूर्तीचा दाखला घेतलात.

त्यात भर म्हणजे लॅबचे संगणक ३८९ पोर्टवर साध्या जोडणीने बोलत होते. अशा जोडणीत पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा उघडा जातो. ही जोडणी झाकणारं टीएलएस लावायला प्रमाणपत्र विकतही घ्यावं लागत नाही, संस्थेतल्या संस्थेत बनवता येतं.

दुसऱ्या सर्व्हरचंही सांगतो, कारण त्याचे पैसे तुम्ही वेगळे लावले होते. एक बंद पडला तर दुसरा चालावा म्हणून तो घेतला. तुम्ही दोन्ही एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर ठेवलेत. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि त्या खोलीत एसी नाही. अशीच एकदा बराच वेळ वीज गेली आणि दोन्ही सर्व्हर बरोबरच झोपले. परत आले तेव्हा मुख्य सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असल्यामुळे त्याचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं होतं.

यानंतर जे झालं ते शोधायला मला फार त्रास पडला. एकाच मुलीचं लॉगिन खालच्या लॅबमध्ये व्हायचं आणि वरच्या लॅबमध्ये व्हायचं नाही. ओपनएलडॅप प्रत्येक बदलावर वेळेचा शिक्का मारतं आणि दुसरा सर्व्हर त्या शिक्क्यावरून ठरवतो की हा बदल नवा आहे की जुना. घड्याळ मागे गेल्यामुळे नव्या प्रवेशांवर जुन्या तारखेचे शिक्के पडले, आणि दुसऱ्या सर्व्हरने 'हे तर आपल्याकडे आलेलंच आहे' असं समजून ते सोडून दिले. वरच्या लॅबचे संगणक त्या दुसऱ्या सर्व्हरला विचारत होते. घड्याळं आपोआप जुळवणाऱ्या एनटीपीची एक ओळ लिहिली असती तर हे झालं नसतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हेच सांगितलं आहे: घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवा आणि लॉग १८० दिवस जपून ठेवा. तुमच्याकडे दोन्ही नव्हतं.

नोकरी सोडून गेलेल्यांची खाती तर काय सांगू! सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार न घेता मेलेल्या माणसाच्या नावावर वावर चालू राहावं, तसं आमच्या यादीत चाललं होतं. कधीच सोडून गेलेला ऑपरेटर अजून प्रशासक गटात होता. पास होऊन गेलेल्या मुलांच्या तुकड्या तशाच पडून, १० एमबीतली जागा अडवून बसलेल्या.

आणि शेवटी तो पासवर्ड. डिरेक्टरीच्या मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याला कोणताच नियम लागू होत नाही. ते काहीही वाचू शकतं, काहीही पुसू शकतं. त्याचा पासवर्ड तुम्ही प्राचार्यांना दिला नाहीत, मला दिला नाहीत, बंद लिफाफ्यात घालून तिजोरीतही ठेवला नाहीत. मशीनचा रूट पासवर्डही नेलात. मशीन सिंगल युजर मोडमध्ये चालू करून मला आत शिरावं लागलं. आत कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये तो पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला सापडला. तुमच्या दुकानाचं नाव, पुढे एक-दोन-तीन. ज्या पासवर्डासाठी अख्खं कॉलेज तुमच्या दारात उभं ठेवलंत, तो रस्त्यावरच्या पोरानेही ओळखला असता. आता खरं सांगा, हाच पासवर्ड आणखी किती कॉलेजांत, किती पतसंस्थांत, किती दवाखान्यांत ठेवून आला आहात? तिथे आजच्या आज फोन करा आणि तो बदलायला लावा.

लहान गाव आहे, कोण कशाला यादी पाहणार, असं तुम्ही आमच्या लिपिकाला म्हणाला होतात. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि तो पुण्या-मुंबईपुरता नाही. उलट आमच्याकडच्या मुलांनाच ही यादी धड असण्याची जास्त गरज आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची इन्फेड नावाची व्यवस्था आहे, तीत संस्थेच्या लॉगिनवर विद्यार्थ्याला घरबसल्या ई-जर्नल वाचता येतं. पुण्यातल्या मुलाला चार ग्रंथालयं हाताशी असतात. धारणीच्या मुलीला सुट्टीत तेवढा एकच दरवाजा आहे, आणि त्याची कडी तुम्ही नीट बसवली नाहीत.

नियम आता लिहिले आहेत. टीएलएस लागलं आहे. दुसरा सर्व्हर वेगळ्या इमारतीत, वेगळ्या यूपीएसवर आहे. रोज रात्री यादीची प्रत निघते आणि ती प्रत तिसऱ्याच मशीनवर खरंच चढते का, हे आम्ही अधूनमधून चढवून पाहतो. तुमचा पासवर्ड बदलला आहे, तेव्हा बाहेरून डोकावायची सवय असेल तर सोडा.

अमरावती-अकोल्यातल्या प्राचार्यांना, पतसंस्थांच्या सचिवांना आणि दवाखान्यांच्या व्यवस्थापकांना माझी हात जोडून विनंती आहे. शेवटचं बिल द्यायच्या आधी ठेकेदाराला खुर्चीवरून उठवा, तुमच्या माणसाला बसवा. त्याने मुख्य खात्याने स्वतः लॉगिन करून दाखवावं, ओळख न देता यादी वाचता येत नाही हे दाखवावं आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून दाखवावा. तिन्ही जमलं तरच चेकवर सही करा.

आपला,
कॉलेजच्या संगणक विभागातला एक कर्मचारी, अमरावती