कॅसेट उतरवण्याचा शास्त्रोक्त विधी (राजूर पद्धत)

कॅसेट कॉम्प्युटरात उतरवणे हा विधी आहे आणि तो राजुरात करायचा असेल तर आधी कॅलेंडर पाहावे. अंगारकी पूर्ण वर्ज्य. त्या दिवशी राजुरेश्वराच्या दर्शनाला भोकरदन, जालना, सिल्लोडकडचे सगळे पाहुणे येतात, दर्शन झाले की चहाला घरी येतात आणि टेप दिसला की बटण दाबून पाहतात. त्यातही त्यांना लाल बटणच आवडते.

पहिली पायरी यंत्र मिळवण्याची, आणि इथेच बहुतेकांचा संकल्प मोडतो. घरोघरचे टू-इन-वन भंगारवाल्याने केव्हाच नेले. राजूरहून जालना पंचवीसेक किलोमीटर, आणि जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळई होते हे जगजाहीर आहे. तेव्हा ज्या टेपवर काकांनी सप्ताहाचे कीर्तन भरून घेतले, तो आज एखाद्या घराचा कॉलम धरून उभा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. याचे दुःख करू नये. कॅसेटची फीत तरी काय असते? प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेला लोखंडाचा गंज. १९६३ साली फिलिप्स कंपनीने ही डबी बाजारात आणली, तेव्हापासून जगभरच्या लोकांनी आपापले आवाज गंजावर सोपवले आहेत.

यंत्र मिळालेच तर ते लगेच चालू करू नये. आतला रबरी बेल्ट एव्हाना डांबर झालेला असतो. तो बदलून घ्यावा. हेड आणि रबराचा रोलर साफ करावा. जुनी मंडळी यासाठी कापसाला कोलन वॉटर लावत आणि उरलेले रुमालाला लावून लग्नाला जात. आता मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मागावे. कशाला हवे, असे दुकानदाराने विचारलेच तर खरे सांगावे; तो विश्वास ठेवणार नाही.

मग कॅसेट. पाठीमागच्या दोन्ही पाकळ्या आधी मोडून टाकाव्यात, म्हणजे पाहुण्याचे लाल बटण दबणार नाही. फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी. वर्षानुवर्षे घट्ट बसलेले रीळ मोकळे होते. मध्येच तुटून कोणी नेलपॉलिशने जोडली असेल तर तो टणक सांधा हेडवर घासू नये म्हणून कापून पुन्हा जोडावी. चिकटपट्टी फितीच्या पाठीला लावायची, गंजाच्या बाजूला नव्हे. वर लिहिलेल्या नावावर विसंबू नये. ‘हरिपाठ – पुसू नये’ असे लिहिलेल्या कॅसेटीत मिथुनची गाणी निघणे हा नियम आहे, अपवाद नाही.

आता विधीचा गाभा. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचा कोन आणि तुमच्या टेपचा कोन जुळला नाही, तर वरचे सूर मरतात आणि बुवा गोधडीतून बोलल्यासारखे ऐकू येतात. शहरातले जाणकार यासाठी खास टेस्ट टेप वापरतात. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे: टाळ. कीर्तनाची कॅसेट लावावी, बुवांकडे साफ दुर्लक्ष करावे आणि फक्त टाळांकडे कान ठेवून स्क्रू केसभर फिरवत राहावा. टाळ खणखणले की हात काढावा. तिथून अजून थोडे फिरवून बघण्याचा मोह होतो. तो होऊ देऊ नये. पुढची कॅसेट मामांच्या टेपवर भरलेली असेल तर हे सगळे पुन्हा.

हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमध्ये घालावी. गुलाबी भोक माइकचे, तिथे आवाज फाटतो. लॅपटॉपला निळे भोक सहसा नसतेच. त्यासाठी यूएसबीचे छोटे साउंड कार्ड मिळते. ऑडॅसिटी हे फुकटचे सॉफ्टवेअर पुरते. काटा लाल रेघेच्या बराच आत ठेवावा, कारण कीर्तनात गजर केव्हा होईल हे बुवांनाही ठाऊक नसते. मागे ‘घूं’ असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. भारनियमनात तो आपोआप निघतो.

साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटेच लागतात. भाचा म्हणेल, "मामा, पेनड्राइव्हसारखं कॉपी नाही का होत?" होत नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते. भाच्याचा पर्याय म्हणजे टेपसमोर मोबाइल ठेवणे. त्यात कुकरच्या शिट्ट्या आणि खुद्द भाचा उत्तम उतरतो. एक तास वेव्ह फाइलचे साधारण सहाशे एमबी होतात. ती मूळ प्रत जपून ठेवावी आणि नातेवाइकांसाठी एमपीथ्री वेगळी करावी.

नॉइज रिडक्शन नावाचे बटण मात्र सांभाळून. ते आधी नमुन्याचा आवाज मागते: सांगा, यातला कचरा कोणता? फितीची कोरी सळसळ दाखवली तर ठीक. पण माझ्या ओळखीच्या एका उत्साही तरुणाने मंडपातली शांत जागा म्हणून जो तुकडा दाखवला, त्यात बायकांची कुजबुज, एक रडणारे पोर आणि दूरचे इंजिन होते. सॉफ्टवेअरने इमानदारीने गाव काढून टाकले. उरले ते बुवा, तेही पत्र्याच्या डब्यातले. बुवांचे कीर्तन तसेही बेताचेच होते. त्या कुजबुजीत त्याची आजी होती. थोडी सळसळ राहू द्यावी.

शेवटी फाइल आत्याला ऐकवावी. आत्या डोळे पुसून म्हणेल, "लय चांगलं केलं बाबा. आता हे मला कॅसेटीत भरून दे, तो मोबाइल मला लागत नाही." या उलट विधीला वायर तीच; लॅपटॉपच्या हेडफोनमधून टेपच्या लाइन-इनमध्ये. राजुरात कोरी कॅसेट शोधण्यात दिवस घालवू नये. घरातलीच एखादी घेऊन मोडलेल्या पाकळीच्या जागी चिकटपट्टी लावावी, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येते. मिथुन पुसायचा की मामांच्या लग्नाची वरात, हे मात्र मामींच्या गैरहजेरीत ठरवावे.