रीडिंग जुळलंच पाहिजे

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थ्याकडून फार अपेक्षा नसतात. जर्नलला कव्हर, आकृती पेन्सिलीने आणि रीडिंग पुस्तकातलं. फिल्टरला १० किलोओहमचा रेझिस्टर, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, कटऑफ १.५९ किलोहर्ट्झ. रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा बिचारा सांगतो, ५ टक्के इकडेतिकडे चालेल. सिरॅमिक कपॅसिटर तर त्याहून सैल. तरी अख्ख्या बॅचचं उत्तर १.५९! ज्या टेबलावर सप्लायची वायरच निसटलेली होती, तिथेसुद्धा. ज्या पोराने खरोखर मोजून १.४२ लिहिलं, त्याच्या पानावर लाल शाईत ‘रिपीट’.

मग व्हायवा. ‘या फिल्टरमधल्या ७४१ आयसीची सातवी पिन कशाला असते?’

‘सर, आमच्या ग्रुपमध्ये जोडणी दुसरा करतो. माझ्याकडे ग्राफ आहे.’