आठ सेकंद हलू नका

न्हावा शेव्यातल्या दर दोन-चार क्लिअरिंग ऑफिसांमागे असा एक गृहस्थ सापडतोच. आठवडाभर बिल ऑफ एन्ट्री आणि डिलिव्हरी ऑर्डरच्या मागे धावायचं, रविवारी धबधब्यांच्या. १९८९ला बंदर सुरू झाल्यापासून इथे जगभरचा माल उतरला, धबधबा तेवढा उतरला नाही. खाडी, खारफुटी आणि कंटेनर. त्यामुळे पहिली सर आली की याचं लक्ष कर्नाळ्याच्या डोंगराकडे.

सॅकमध्ये ट्रायपॉड, कॅमेऱ्यावर चढवायला हॉटेलातली शॉवर कॅप आणि आयात मालाच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. सगळ्यांत जपायची वस्तू म्हणजे एनडी फिल्टर. ही काळी काच लेन्सवर लावली की उजेड कमी होतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि पाण्याचा रेशमी पदर होतो. हे तो कस्टम्सच्या रांगेत कुणालाही समजावतो. ऐकणाऱ्याला रांग सोडता येत नाही.

पांडवकडा १०७ मीटरचा, पण तिथे पावसाळ्यात प्रवेशबंदी. देवकुंडला निघावं तर मनाईचा आदेश. हा मात्र मुकाट माघारी फिरतो. रेलिंग ओलांडून सेल्फी काढणाऱ्यांपेक्षा हा वेडा मला कधीही चालेल.

त्याच्या बायकोचं मत वेगळं आहे.

"अगं, त्या दगडाशेजारी उभी राहा. आठ सेकंद हलू नकोस."

"अहो, डास चावतायत!"

फोटोत दगडावरचं शेवाळ तंतू न् तंतू दिसतं, बायकोच्या जागी मात्र पांढरट धूर. सासूबाईंनी अल्बम चाळून विचारलं, "जावईबापू, आमची मुलगी कुठाय?" यावर त्याचं उत्तर, "हलली."

गेल्या पावसाळ्यात रविवारीही ड्युटी लागली. करळ फाट्याला उड्डाणपुलाच्या पाइपातून पाण्याचा लोट कोसळत होता. गड्यानं तिथेच ट्रायपॉड रोवला. मी म्हटलं, "अरे, मध्ये एवढे ट्रेलर आहेत!"

"असू दे. आठ सेकंदांत हलणारं सगळं फोटोतून पुसलं जातं."

संध्याकाळी फोटो पाहिला. पाणी रेशमासारखं, छत्रीवाले गायब, मोटरसायकली गायब. ट्रेलर मात्र सगळेच्या सगळे आले होते, नंबरप्लेटी वाचता येतील इतके स्पष्ट.