वर्तमानाचं आगाऊ आरक्षण

‘वर्तमानात जगा, ताण पळेल’ हा सल्ला हल्ली कंपनीच देते. त्याच मेलमध्ये पुढच्या तिमाहीचं टार्गेटही असतं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून या क्षणात राहायला शिकवणारी विपश्यना ध्यानपद्धती शिकवतात. १० दिवसांचं शिबिर, मौन, फोन जमा, शुल्क नाही. पण तिथं या क्षणात जगायलाही आधी अर्ज आणि मंजूर रजा लागते. २० वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्याला तर बँक भविष्यातच जगवते. निव्वळ वर्तमानात जगतो तो सकाळी मजूर नाक्यावर उभा राहणारा: आजचं काम, आजची मजुरी, उद्याचं उद्या. त्याला मात्र कुणी गुरू मानत नाही. तेव्हा साहेब, श्वासाकडे लक्ष द्यायला आम्ही तयार आहोत. तुम्ही फक्त रविवारी फोन करू नका.