तंगडी वर करण्यापूर्वी : नवशिक्यांसाठी सोलापुरी मार्गदर्शिका

पात्रता : उमेदवार नर असावा, वय सहा महिन्यांच्या पुढे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसावं. जात, रंग, गळ्यात पट्टा असणं-नसणं यांची अट नाही. होटगी रोडच्या बंगल्यातला लॅब्रॅडॉर आणि अशोक चौकाकडच्या यंत्रमागाच्या शेडमागे जन्मलेला गावठी, दोघांना अभ्यासक्रम एकच.

आतापर्यंत आपण खाली बसून एका दमात मोकळे होत होतात. ते विसरा. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान अंगातलं टेस्टोस्टेरॉन कामाला लागतं आणि मागचा पाय आपोआप उचलला जातो. सुरुवातीला तोल जाईल, पोरं हसतील, लक्ष देऊ नका. यापुढे मोकळं होणं वेगळं आणि खूण करणं वेगळं. खुणेला चार थेंब पुरतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात जन्माला आलात, तेव्हा काटकसर निराळी शिकवायला नको. सात रस्ता चौकापर्यंत जायचं असेल तर शेवटच्या खांबापुरता साठा राखून ठेवावा. संपलाच, तरी पाय उचलावा. समोर दुसरा नर बघत असला की कोरडी तंगडीसुद्धा खपून जाते. वर मागच्या पायांनी माती उकरा. पंजातल्या ग्रंथींचा वास तिथं राहतो आणि रुबाबही दिसतो.

जागा उभी पाहावी, म्हणजे खूण पुढच्याच्या नाकाला भिडते. खांब, भिंतीचा कोपरा, डीपीचा चौथरा ठीकच आहेत, पण सोलापूरचं खरं वैभव म्हणजे चाकं. तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर तिन्हीकडचे कितीतरी भाविक इथून ये-जा करतात, शिवाय विजापूर-हैदराबादकडच्या गाड्या. सिद्धेश्वर मंदिराबाहेर उभ्या असलेल्या एका जीपच्या चार चाकांवर चार गावचे नर सापडतील. इथं घाई करणारा उमेदवार नापास. आधी नीट हुंगा. टाळूच्या वर, पुढच्या दातांमागे, वासासाठी एक जादा इंद्रिय दिलेलं आहे, ते कामी आणा. येऊन गेला तो नर होता की मादी, किती वेळापूर्वी, मादी असेल तर माजावर आहे का, सगळं तिथंच कळतं. मग त्या खुणेवर आपली भर घालावी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा मात्र हा प्रयोग टाळा. पाय उचलायला जागा मिळत नाही, आणि शेपटी तुडवून घ्यायची हौस कुणाला असते?

स्वतःच्या खुणेवर वेळ घालवू नये. अमेरिकेत मार्क बेकॉफ नावाचे प्राध्यापक हिवाळ्यामागून हिवाळे पिवळा झालेला बर्फ उचलून दुसरीकडे नेऊन ठेवत होते. त्यांचा जेथ्रो नावाचा कुत्रा स्वतःच्या मुताजवळ फारसा थांबत नसे, परक्यांच्या मुताजवळ मात्र बराच वेळ घुटमळे. २००१ मध्ये त्यांनी ते छापलं. शेजारी काय म्हणाले असतील, याची नोंद त्यात नाही.

उमेदवार पॉमेरेनियन असल्यास पाय जास्त उंच न्यावा. कॉर्नेल विद्यापीठातल्या बेटी मॅग्वायर यांनी २०१८ मध्ये मापं घेऊन दाखवून दिलं की बुटके नर तंगडी जरा जास्तच तिरकी करतात आणि खूण आपल्या अंगाच्या मानानं उंच पोचवतात. वाचणाऱ्याला वाटत असावं, मोठा कोणीतरी येऊन गेला. माणसांतही हे चालतं, पण त्यासाठी फ्लेक्स छापावा लागतो.

आता विरोधकांकडे वळू. घराच्या पायरीवर लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या दिसतील. घाबरू नये. लाल रंग आपल्याला धड दिसतच नाही, मळकट वाटतो. निळा छान दिसतो, पण त्याला भ्यावं असं त्यात काहीच नाही. बाटली उभी आहे, एवढंच लक्षात घ्यावं. अमोनियाच्या औषधानं फरशी पुसणारे तर आपलेच मदतनीस, कारण तो वास मुताच्या जवळचा. खरी भीती एकाच गोष्टीची : डागातला वास मुळापासून पचवणारं एंझाइमचं क्लीनर.

घरात नवा सोफा, पाहुण्याची बॅग किंवा दुसरा कुत्रा आला की हात शिवशिवतील, म्हणजे पाय. दोरीवर वाळणाऱ्या सोलापुरी चादरीला तेवढं सोडा. तिला जीआय मानांकन मिळालेलं आहे, आपल्या मानांकनाची गरज नाही. मालक तासाभरानं ओरडले तर ते कशाबद्दल आहे ते आपल्याला कळणार नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी, चारही भाषांत कळणार नाही.

(हा कंस मालकांनी वाचावा : शिकवलेला कुत्रा अचानक घरात वारंवार, थेंब थेंब किंवा रक्ताळ मुतू लागला तर ती खूण नसून आजार असू शकतो. डॉक्टरकडे न्या.)

शेवटचा धडा ऑपरेशनचा. १९९७ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात शंभरातल्या साठ किंवा अधिक नरांची खूण करायची सवय निम्म्यानं तरी उतरली. जवळजवळ पूर्ण सुटणारे मात्र पंचवीस ते चाळीसच. वयाचा फारसा संबंध आढळला नाही, त्यामुळे 'आता काय उपयोग' ही सबब मालकापुढे चालणार नाही. रस्त्यावरच्या उमेदवारांना २०२३ च्या नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर, ओळखीची खूण कानावर करून, जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. तोवर शेजारच्या गल्लीतल्यांनी आपल्या खांबांवर बरंच काही करून ठेवलेलं असेल. हॉर्मोन लवकर ओसरलं तरी सवय सुटायला कुणाकुणाला महिने लागतात. तेवढ्या मुदतीत थकलेली कामं उरकून घ्यावीत.