माळावरचे पाहुणे

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची हल्ली हिमालयात रीघ लागलेली असते. बर्फात पोटावर पडून राहायचं, बोटं बधिर करून घ्यायची आणि परतल्यावर एकाच पाखराचे चारशे फोटो नातेवाइकांना दाखवायचे. यातला फोटोचा भाग मला समजतो, बर्फाचा समजत नाही. पट्टकादंब हे हंसाच्या कुळातलं पाखरू तिबेट-मंगोलियात जन्मतं, थंडी पडायला लागली की हिमालय ओलांडतं (सात हजार मीटरहून जास्त उंचीवर त्याची नोंद झालेली आहे) आणि पैठणच्या नाथसागरावर येऊन उतरतं. जे पाखरू स्वतःच हिमालयाला कंटाळून मराठवाड्यात आलंय, त्याला गाठायला आपण उलट तिकडं का जायचं? मी आपला केजलाच थांबतो.

केजला डोंगर आहे. बालाघाटाला पर्वत म्हणायला मात्र भूगोलाचं पुस्तक लागतं. धापा टाकत वर चढावं तर शिखर येत नाही, ज्वारी येते. ज्वारीच्या पलीकडं कुसळी गवताचा माळ, माळावर पवनचक्क्या आणि पवनचक्क्यांखाली परदेशी पाखरं. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात निघतात, त्याच सुमारास उत्तरेकडून ही पाखरं येत असतात. दोघंही पोटासाठी निघालेली आणि दोघंही उन्हाळ्याच्या तोंडाशी घरी परतणारी. फरक इतकाच की पाखरांना मुकादम नसतो आणि त्यांनी उचल घेतलेली नसते.

अशा माळावर तिवई उभी करून तिच्यावर हातभर लांब लेन्स चढवली की पाखरू येण्याआधी माणूस येतो. कुठून येतो ते कळत नाही. मैलभर सपाट माळ, झाड नाही, आडोसा नाही, तरी येतो.

“काय मोजायलात साहेब?”

“मोजत नाही. पाखरं बघतोय.”

“ते ठीक. पण मोजणी कुणाची हाय?”

पवनचक्की आणि सोलारवाल्यांनी या भागात इतक्या तिवया आणून ठेवल्यात की तिवई म्हणजे जमिनीची मोजणी, यावर कुणाचं दुमत राहिलेलं नाही. त्यातून सुटलो तर विमा. पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ राज्यभर गाजल्यापासून आमच्याकडं कॅमेरा गळ्यात घालून शेताच्या बांधावर उभं राहणं धोक्याचं झालंय. एकदा एका बप्पांनी मला हाताला धरून सडलेल्या सोयाबीनपर्यंत नेलं आणि चारी कोपऱ्यांतून फोटो काढायला लावले. वर “ह्यात तारीख येती ना?” असं विचारूनही घेतलं. तेवढ्या वेळात माळावरून भोवत्या गेला. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारा हा शिकारी पक्षी, राखाडी अंगाचा, पंखांची टोकं काळी. गवताला जवळजवळ घासत, नाकतोडे हुडकत फिरतो आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतो. माझ्याकडं त्या दिवसाचे सोयाबीनचे उत्तम फोटो आहेत.

भोरडीच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगळा आहे. ती दिसत नाही असं कधी होतच नाही. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि थवा असा की एका बाभळीवर बसला तर बाभूळ दिसत नाही. पूर्व युरोप आणि मध्य आशियात वीण उरकून ती जुलै-ऑगस्टपासूनच आपल्याकडं यायला लागते आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. माहेरी जेमतेम तीन महिने, उरलेलं वर्ष आपल्या ज्वारीवर. चीनमध्ये शिनजियांगला ती टोळ खाते, म्हणून तिथं तिच्यासाठी दगडांची घरटी बांधून दिली जातात. हे मी राखणीला बसलेल्या एका मावशींना सांगितलं. त्या माळ्यावर उभ्या होत्या आणि हातात गोफण होती.

“घरं बांधून देतेत?”

“हो ना.”

“आमचं घरकुल तीन साल झालं अडकलंय,” मावशी म्हणाल्या आणि गोफण फिरवली. थवा उठला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या क्षणी ज्या कुणी त्या गुलाबी वादळाचा फोटो काढला असता त्याला बक्षीस मिळालं असतं. मी काढला, त्यात मावशी आल्या आहेत, गोफण आली आहे आणि वर एका कोपऱ्यात एक भोरडी, तीही निम्मी. खरं सांगायचं तर फोटो चांगला आहे. फक्त पक्ष्यांच्या स्पर्धेत चालत नाही.

पट्टकादंबानं कधी तरी नाथसागर सोडून आमच्या धनेगावला, मांजरा धरणावर यावं म्हणून मी चिखलात पाय रुतवून बसतो. 2016 साली धरण आटलं होतं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. ज्या वर्षी पाणी असतं त्या वर्षी बदकं असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, सगळी मंडळी धरणाच्या बरोब्बर मध्यावर. फोटो बघून घरी विचारणा झाली, “हे तीळ कुणी सांडले?”

शोध कसा घ्यावा हे शिकायचं असेल तर विड्याला जावं. केज तालुक्यातल्या या गावात आठ दशकांहून अधिक काळ धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात आणि शेवटी नवे कपडे नि सोन्याची अंगठी देतात. परिणामी होळी जवळ आली की जावई स्थलांतर करतात. मग गावातली पोरं पथकं करून निघतात. लपायची ठिकाणं, जेवायच्या वेळा, कोणता मोबाईल बंद आणि कोणत्या मित्राचा चालू, सगळी माहिती तयार. सलीम अली 1930 मध्ये किहीमला सुगरणीच्या घरट्यांपुढं ठाण मांडून बसले होते. ही पोरं जावयाच्या दारात तेवढ्याच चिकाटीनं बसतात, आणि सापडलेल्याला पहाऱ्यातून सुटू देत नाहीत.

मार्चमध्ये परतीच्या वाटेवरचे भोवत्ये टिपायला मी विड्याजवळच्या माळावर गवती रंगाचं जाकीट घालून एका झुडपाआड पडलो होतो. दोन मोटारसायकली थांबल्या. सहा जण उतरले आणि त्यांनी झुडपाला वेढा घातला.

“उठा पाहुणे.”

मी उठलो. त्यांनी मला वरून खालपर्यंत निरखलं.

“सासुरवाडी कोणती?”

“अंबाजोगाई.”

“नक्की?”

“नक्की. सासऱ्यांना फोन लावू का?”

सहाही चेहरे पडले. एक जण तर मोटारसायकलला किक मारून निघालासुद्धा. दुसरा मात्र माझ्या गळ्याकडं बघत थांबला.

“ते राहू द्या. दुर्बीण तेवढी द्या की साहेब, धुळवडीपर्यंत.”